टकामका बघणे – हा शब्द आला कुठून? आणि टुकुटुकु वेगळं का?

पिल्लूची_आई
(रात्री २:४८)

नमस्कार मंडळी. वेळ बघून कळलंच असेल की झोप नाहीये. आमचं पिल्लू परवा चार महिन्यांचं झालं आणि सध्या तिचा एकच उद्योग, रात्री दोनला टक्क जागं व्हायचं आणि पंख्याकडे बघत पडून राहायचं. रडणं नाही, भूक नाही, नुसतं बघणं. ती जागी म्हणजे मी जागी, मग मला असले प्रश्न पडतात.

तर झालं असं की माझी आजी (वाईची) तिला बघून म्हणते "कशी टकामका बघतीय बघ". आई (तिचं माहेर अमरावती) म्हणते "टुकूरटुकूर पाहून राह्यली". नवरा बंगाली आहे, त्याची आई गेल्या आठवड्यात आली, पाळण्यात वाकून म्हणाली "ड्यॅबड्यॅब कोरे ताकाच्छे". इथे एक गंमत झाली. आजीला ऐकायला कमी येतं, तिने त्यातलं फक्त ताक पकडलं आणि आत जाऊन मीठजिरं घालून फुलपात्रभर ताक घेऊन आली. सासूबाईंनी पण काही न बोलता पिऊन टाकलं. नंतर कळलं की बंगालीत ताकानो म्हणजे बघणं.

मग नवऱ्याने विचारलं टकामका म्हणजे नक्की काय. मी म्हटलं स्टेअर करणं. तो म्हणे स्टेअर करणं हा तर उद्धटपणा झाला, चार महिन्यांचं बाळ कसला उद्धटपणा करणार. आणि मला पटलं ते, कारण बसमध्ये कोणी माणूस आपल्याकडे बघत असेल तर आपण "टकामका बघत होता" असं कधी म्हणतो का, "रोखून बघत होता" किंवा "टक लावून बघत होता" म्हणतो. म्हणजे टकामकामध्ये काहीतरी निरागस आहे जे मला त्याला सांगता येईना. आणि टुकुटुकु परत अजून वेगळं. तर टकामका हा शब्द आला कुठून आणि याच्यात आणि टुकुटुकुमध्ये नक्की फरक काय, जाणकारांनी सांगा. घाई नाही, मी जागीच आहे.


चिंचोका
(रात्री ३:०५)

पहिला मी! आमची रात्रपाळी आहे म्हणून जागा, बाळ वगैरे नाही.

आमच्याकडे कोकणात नुसतं टकामका म्हणून भागत नाही, "भोकरासारखे डोळे करून काय बघतोस" असं पूर्ण वाक्य मिळतं. ज्यांना भोकर माहीत नसेल त्यांच्यासाठी, हे गोल गोल फळ असतं, आत बुळबुळीत चिकट गर, कच्च्याचं लोणचं घालतात. लोणच्याच्या बरणीतून ते आपल्याकडे बघतंय असं खरंच वाटतं. पण माझ्या मते भोकरासारखे डोळे हे मोठ्या माणसांचे, भूत बघितल्यावर किंवा लाइट बिल बघितल्यावर. बाळाचे टकामकाच.

ताकाचा किस्सा वाचून मशीनपाशी एकटाच हसलो, सुपरवायझर टकामका बघायला लागला.


शाळामास्तर
(सकाळी ६:२०)

प्रश्न चांगला आहे. व्याकरणाच्या पुस्तकात अभ्यस्त शब्दांचे तीन प्रकार आपण सगळेच शिकलो, पूर्णाभ्यस्त म्हणजे हळूहळू, अंशाभ्यस्त म्हणजे शेजारीपाजारी, दगडबिगड, आणि अनुकरणवाचक म्हणजे गडगड, कडकड. टकामका याला मुलं परीक्षेत अनुकरणवाचक लिहितात आणि मी पस्तीस वर्षं त्याला अर्धा मार्क देत आलो कारण माझं मत ते अंशाभ्यस्त आहे. मूळ शब्द टक, त्याची अर्धवट पुनरुक्ती मक. अनुकरण म्हणायचं तर कसलं अनुकरण? गडगड हा ढगाचा आवाज, कडकड हा विजेचा. डोळ्यांना कुठे आवाज असतो?


तत्सम_प्रेमी
(सकाळी ७:१५)

मूळ संस्कृतच आहे हो. तर्क या धातूपासून प्राकृतात तक्क, त्यावरून हिंदीत तकना, ताकना, बंगालीत तुमच्या सासूबाईंचं ताकानो आणि मराठीत टक. तर्क करणारा माणूस एकाच जागी बघत विचार करतो ना, म्हणून. आणि योगातलं त्राटक विसरलात का? त्राटक मधलं टक आणि आपलं टक लावणे एकच. आपल्या लोकांना आपल्या शब्दांचं मूळ माहीत नसतं ही खरी शोकांतिका आहे.


चिंचोका
(सकाळी ७:२२)

त्राटक मधलं टक, मग नाटक मधलं पण टक आणि फाटक मधलं पण टक. फाटकातून टक लावून नाटक बघणे. मी झोपायला चाललो.


कोशकिडा
(सकाळी ९:४०)

वा, फार दिवसांनी भांडण्यालायक धागा आला. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी तत्सम_प्रेमींचं जे बरोबर आहे ते बरोबर. हिंदी ताकना आणि बंगाली ताकानो हे संस्कृत तर्कयति, प्राकृत तक्केइ असेच आलेत, टर्नरच्या इंडो आर्यन भाषांच्या तुलनात्मक कोशात ते एकाच घराखाली आहेत. म्हणजे आजीने ताक आणलं तेव्हा सासूबाई खरं तर तर्क करत होत्या. पण तिथे त आहे, दंत्य. आपल्या टकमध्ये ट आहे. त चा ट झाल्याची उदाहरणं आपल्या भाषांत आहेत पण इथे ओढून ताणून तसं करायची गरज नाही, कारण मराठीत ट ने सुरू होणारी बघण्याची अख्खी आळीच आहे. टक, टकमक, टुकुटुकु, टपून बसणे, टेहळणे, टिपणे. हिंदीतसुद्धा तकनाच्या शेजारी टकटकी आणि टुकुर टुकुर वेगळे नांदतातच. त वाले आणि ट वाले शेजारी राहून एकमेकांसारखे दिसायला लागले असं मला वाटतं, जसे जुने नवराबायको दिसतात.

त्राटक मात्र सोडा. हठयोगप्रदीपिकेत त्याची व्याख्या आहे, नजर हलू न देता एखाद्या बारीक लक्ष्याकडे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत बघत राहणं. ही षट्कर्मांतली एक शुद्धिक्रिया आहे, नेती धौती वगैरेच्या रांगेतली. यात प्रयत्न आहे, कष्ट आहेत. टकामकात काडीचा प्रयत्न नाही. बाळ पंख्यावर त्राटक करत नसतं.

आता मास्तर, तुमचा अर्धा मार्क. डोळ्यांना आवाज नसतो हे कबूल, पण मग लखलख हा कशाचा आवाज? झगमग, लुकलुक, मिणमिण, चकचकीत? हे सगळे उजेडाचे शब्द, उजेडाला कुठे आवाज असतो. गुळगुळीत, बुळबुळीत, खरखरीत हे हाताला लागणाऱ्या गोष्टींचे, त्यातला एखादा खरखरीत सोडला तर त्यांनाही आवाज नाही. मराठी माणूस जे दिसतं, जे हाताला लागतं तेसुद्धा तोंडाने वाजवून दाखवतो. मोल्सवर्थने एकोणिसाव्या शतकातल्या आपल्या मराठी-इंग्रजी कोशात अशा शब्दांना इंग्रजीत अनुकरणवाचक असं लेबल ठिकठिकाणी लावलंय आणि त्याला तेव्हा मराठी पंडित मदत करत होते, म्हणजे हे आपल्या लोकांनाही तेव्हा खटकलं नव्हतं. तेव्हा त्या पोरांचा राहिलेला अर्धा मार्क देऊन टाका.

(न्याहाळणे हा शब्द मात्र खानदानी आहे. संस्कृत निभालन, प्राकृत णिहालेइ, हिंदीत निहारना. विस्फारणे पण थेट संस्कृतातून. हे शब्द दिवाणखान्यातले. टकामका हा माजघरातला.)

आता मूळ प्रश्न, टकामका आणि टुकुटुकु. पिल्लूची_आई, तुम्ही हे जोडीने म्हणून बघा:

खदाखदा हसणे, खुदूखुदू हसणे.
तरातरा चालणे, तुरुतुरु चालणे.
मटामटा खाणे, मुटूमुटू खाणे.
टकामका बघणे, टुकुटुकु बघणे.

दिसलं का? व्यंजनं जवळपास तीच, स्वर बदलला की माणूस लहान होतो. रागावून बाहेर जाणारी बाई तरातरा जाते, तिच्यामागे तिचं पोर तुरुतुरु जातं. आ म्हटलं की तोंड उघडतं, उ म्हटलं की चंबू होतो. आ म्हणजे मोठं, उघडं, मोकळं. उ म्हणजे इवलंसं, मुठीत मावणारं. टकामका बघणाऱ्याचे डोळे मोठे असतात, टुकुटुकु बघणाऱ्याचे डोळे कितीही मोठे असले तरी बिचारा स्वतः लहान असतो. आजारातून उठलेला माणूस, पिंजऱ्यातला ससा, दुसऱ्याच्या ताटाकडे बघणारं पोर, हे सगळे टुकुटुकु. त्यात एक केविलवाणेपणा आहे. टकामकात तो नाही, त्यात नवल आहे.


पिल्लूची_आई
(सकाळी १०:१०)

अगं बाई!! (किंवा अहो दादा.) हे मी आत्ता मोठ्याने म्हणून बघितलं, खदाखदा खुदूखुदू तरातरा तुरुतुरु, आणि पिल्लू माझ्या तोंडाकडे टकामका बघत होतं. काल नवऱ्याला सांगता येत नव्हतं ते नेमकं हेच.

पण मग आई टुकूरटुकूर का म्हणते, पिल्लू काही केविलवाणं नाहीये, चांगलं सात किलोचं धूड आहे.


वऱ्हाडी_ठेचा
(सकाळी १०:४५)

ताई तुमच्या आईचं बराबर आहे. आमच्याकडे टुकूरटुकूर म्हणजे केविलवाणं वगैरे काही नाही बा, बारीक बाळ पाह्यते ते टुकूरटुकूरच पाह्यते, मोठा माणूस पाह्यते तो डोये फाडून पाह्यते. तो जो र लागला आहे मधात तो हिंदीच्या शेजाराचा असेल, नागपूर अमरावतीकडे हिंदी घरातल्यासारखीच आहे.

आणि एक कोणाच्याच लक्षात नाही आलं. टुकटुक माकड! लहानपणी आपल्याला काही भेटलं आन दुसऱ्याले नाही भेटलं की बोट नाचवून म्हणायचो, टुकटुक माकड. माझ्या मनानं ते हेच आहे. म्हणजे तू आता नुसता टुकूटुकू पाहत बस, खाणार मी. गोळ्या संपल्यावर रडलेला मी साक्षीदार आहे.


कोशकिडा
(सकाळी ११:०२)

टुकटुक माकड! हे मला सुचायला पाहिजे होतं. माकडाचे डोळे आठवा, फुटाणे खाणाऱ्या माणसासमोर बसलेल्या माकडाचे. अंदाजच आहे पण मला शंभर टक्के पटला.


शुद्धलेखन_पोलीस
(सकाळी ११:३०)

कोशकिडा यांचा नियम छान आहे पण मग मुळुमुळु रडणे याची मोठी जोडी मळामळा रडणे का नाही? नियम म्हणजे नियम.


कोशकिडा
(सकाळी ११:४१)

कारण मळमळ ही जागा पोटाने आधीच अडवून ठेवली होती. मुळुमुळुची मोठी बहीण घळाघळा किंवा ढसाढसा, वेगळ्या आडनावाची. नियम नाही हो, सवय आहे भाषेची.

आणि एक राहिलंच, त्या मक चं. मास्तर म्हणाले पुनरुक्ती, ते ठीक आहे, पण मग टकटक का नाही, टकमक का? म ने येणारी ही जोडी कुठे येते ते बघा. डगमग म्हणजे पाय एकदा इकडे एकदा तिकडे. झगमग म्हणजे उजेड लागला, गेला, परत लागला. मला वाटतं टकमकमध्ये पण ते आहे, नजर एका ठिकाणी टक, मग दुसरीकडे मक. एसटीतून पहिल्यांदा मुंबई सेंट्रलला उतरलेला माणूस टकामका बघतो म्हणजे एकाच खांबाकडे नाही बघत, इमारत, टॅक्सी, बाई, पोलीस, परत इमारत असं बघतो. डोळे उघडे तेवढेच पण फिरते. टक लावून बघणारा मात्र एकाच जागी. म्हणून तुमच्या बसमधला माणूस टक लावतो आणि त्याचा राग येतो. टकामका बघणाऱ्याला नक्की काय बघावं तेच कळत नसतं, त्याचा कसला राग येणार.

चकमक मात्र या घरातला समजू नका हां, दिसतो तसाच पण तो तुर्कीतून आलाय. तिकडे चाकमाक म्हणजे गारगोटीवर मारून ठिणगी पाडणं. आता तुर्की माणूस सिगरेटच्या लायटरला तोच शब्द वापरतो. आपण त्या ठिणगीची लढाई केली.


तत्सम_प्रेमी
(दुपारी १२:१५)

फिरती नजर हे पटलं नाही. बाळ पंख्याकडेच बघतंय असं त्यांनी लिहिलंय, एकाच ठिकाणी. तरी आजी टकामका म्हणाल्या. तुमचा सिद्धांत पंख्याला लटकला.


कोशकिडा
(दुपारी १२:२०)

पंखा फिरतो ना.


तत्सम_प्रेमी
(दुपारी १२:२४)

बरं.


सह्यभटक्या
(दुपारी १:५०)

इतके प्रतिसाद झाले आणि कोणी टकमक टोकाचं नाव काढलं नाही??

रायगडावर बाजारपेठेच्या समोरच्या टेपावरून खाली उतरलं की दारूकोठाराचे अवशेष लागतात (दारू म्हणजे तोफेची, दरवेळी ग्रुपमधला एकजण तोच जोक मारतो) आणि तिथून पुढे वाट निमुळती होत होत टोकाला जाते. तिन्ही बाजूंनी काही नाही. इथून गुन्हेगारांचा कडेलोट करायचे असं सांगतात. वारा असा असतो की टोपी सांभाळायची की स्वतःला हे ठरवावं लागतं. खालच्या गावाचं नाव छत्री निजामपूर, त्याचीही गोष्ट सांगतात की महाराजांवर छत्री धरणारा सेवक वाऱ्याने उडाला आणि छत्री न सोडता त्या गावात सुखरूप उतरला.

गाइड लोक सांगतात की कड्यावरून खाली बघताना माणूस टकमक बघत राहतो म्हणून टकमक. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा म्हटलं काहीतरी जुळवलेलं आहे. पण दुसऱ्यांदा गेलो तेव्हा पोटावर झोपून कड्याच्या बाहेर डोकं काढून बघितलं (आता रेलिंग वगैरे आहे, करू नका) आणि तेव्हा जे डोळ्यांचं होतं ना ते दुसऱ्या कुठल्या शब्दाने सांगता येणार नाही. नजर एका जागी ठरतच नाही. तळातलं शेत, मग कड्याची भिंत, मग मध्येच घिरट्या घालणारी घार आणि ती आपल्या खाली, मग परत शेत. कोशकिडा म्हणतात ते टक आणि मक मला तिथे झालंय.

आणि रायगडाचं टोक सगळ्यांना माहीत असतं पण टकमक नावाचा अख्खा किल्ला पण आहे, पालघर जिल्ह्यात. मुंबई अहमदाबाद हायवेवर सकवार गावातून वर जातात. पावसाळ्यानंतर जा, आणि पाणी घेऊन जा. तिथे गर्दी नसते, आपण आणि माकडं. टुकटुक.


चष्मिश
(दुपारी ४:३०)

मी डोळे तपासते, पोटासाठी, म्हणून थोडं शरीराच्या बाजूने सांगते. बाळं टकामका दिसतात याला कारण आहे, बाळं पापणी लववतच नाहीत फारशी. आपण मोठी माणसं साधारण मिनिटाला 15 ते 20 वेळा पापणी मिटतो, फोन बघताना त्याहून बरंच कमी. तान्हं बाळ मिनिटाला दोन-तीनदा, कधी त्याहूनही कमी. त्यांच्या पापण्यांमधली फट लहान असते त्यामुळे डोळ्यावरचं पाणी कमी उडतं, हे एक कारण.

दुसरं म्हणजे जन्मतःच बाळाच्या डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग, ज्याच्या मागे काळं बुबुळ दिसतं तो, साधारण 10 मिलिमीटरचा असतो आणि मोठ्या माणसाचा साडेअकरा-बारा. म्हणजे चेहरा एवढासा आणि बुबुळ जवळजवळ आपल्याएवढं. मग भोकर दिसणारच. जन्मल्यावर त्यांना पाऊण-एक फुटावरचंच जरा नीट दिसतं, म्हणजे अंगावर पिताना आईचा चेहरा दिसेल एवढंच अंतर. चार महिन्यांपर्यंत लांबचं दिसायला लागतं आणि हलणाऱ्या वस्तूमागे नजर फिरवता येते. तेव्हा पंखा म्हणजे तिच्यासाठी सध्या थिएटर आहे. पंख्याची पाती आणि छताचा रंग वेगवेगळा असेल तर अजूनच, काळंपांढरं त्यांना आवडतं.

मोठ्या माणसाचे डोळे कायमच टकामका दिसायला लागले, बटबटीत, वरची पांढरी कड दिसतेय, तर मात्र कौतुक करत बसू नका, थायरॉइड तपासून घ्या.


शाळामास्तर
(संध्याकाळी ६:१०)

चष्मिशताईंच्या पापणीवरून आठवलं. संस्कृतात निमिष म्हणजे पापणी मिटायला लागतो तेवढा वेळ, आपण निमिषात म्हणतो ते तेच. आणि अनिमिष म्हणजे ज्याची पापणी लवत नाही तो. अमरकोशात या शब्दाचे दोन अर्थ शेजारी शेजारी दिलेत, देव आणि मासा. माशाला पापणीच नाही आणि देवाला गरज नाही.

नलदमयंतीच्या गोष्टीत याचा सुंदर उपयोग आहे. स्वयंवरात चार देव नलाचं रूप घेऊन बसले, पाच नल, दमयंतीने ओळखायचं कसं? तर देवांच्या पापण्या लवत नव्हत्या, अंगाला घाम नव्हता, गळ्यातल्या माळा सुकत नव्हत्या, पाय जमिनीला टेकत नव्हते आणि सावली पडत नव्हती. जो पापणी मिटतो, ज्याला घाम येतो तो आपला. हा धडा शिकवताना मी वर्गात मुलांना विचारायचो की पापणी न लववता किती वेळ बसता येतं, मग दहा मिनिटं सगळा वर्ग देव व्हायचा आणि मला जरा शांतता मिळायची.

आणि हो, अर्धा मार्क दिला. पस्तीस वर्षांचा हिशोब मात्र मागू नये.


बडोदेकर
(रात्री ८:०५)

आम्ही चार पिढ्या बडोद्यात, गायकवाडांच्या नोकरीसाठी पणजोबा आले ते राहिलेच. आमच्या घरात मराठीत पण "टगरटगर काय बघतोस" म्हणतात आणि मला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत ते मराठीच वाटत होतं. पुण्याला एका लग्नात म्हटलं तर सगळे माझ्याकडेच बघायला लागले (टगरटगर). गुजरातीत टगर टगर जोवुं. तर घ्या, वऱ्हाड्यांच्या टुकूरमधला र आमच्या टगरमध्ये पण आहे, आणि आमचा अ वाला, त्यांचा उ वाला. कोशकिडा खूश होतील.


कोशकिडा
(रात्री ८:३०)

खूश काय, नाचतोय. भुसावळच्या पुढे उ, नवसारीच्या पुढे अ, आणि मध्ये आपण टकामका बघत.


टोक्योतला_मी
(रात्री ९:१५)

इथे जपानीत असल्या शब्दांचा बाजारच आहे आणि बघण्याचेच कितीतरी. उद्धटपणे रोखून बघणं ते जिरोजिरो, नव्या जागी भांबावून इकडेतिकडे बघणं ते क्योरोक्योरो. म्हणजे तुमच्या नवऱ्याचा प्रश्न इथे निकालात काढलेला आहे, दोन वेगळे शब्द. मी पहिल्या दिवशी शिंजुकू स्टेशनवर उतरलो तेव्हा क्योरोक्योरो होतो, आईला फोनवर सांगितलं टकामका झालो. माझ्या बायकोने (इथलीच आहे) टकामका ऐकून अर्थ न सांगता ओळखला, पण तुरुतुरुला मात्र तिने विचारलं हे पक्षी आहे का.


हुक्केरीकर
(रात्री १०:००)

बेळगावकडून आमचंही एक. कन्नडमध्ये पिळिपिळि कण्णु बिडु म्हणतात, म्हणजे पापण्या उघडमीट करत बावळटासारखं बघत राहणं. आमच्या आईचं बोलणं म्हणजे अर्धं इकडचं अर्धं तिकडचं, गणिताचा पेपर दाखवल्यावर "पिळिपिळि काय बघतोस, उत्तर दे". इथे पापणी हलते बरं का. टकामकात हलत नाही, पिळिपिळित हलते. उत्तर येत नसलं की पापणी जास्त हलते हा स्वानुभव आहे.


पिल्लूची_आई
(रात्री २:१५)

परत आम्ही दोघी हजर. सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, आजीला पूर्ण धागा वाचून दाखवला संध्याकाळी, तिला टकमक टोकाचं माहीत होतं, लग्नाआधी गेली होती म्हणे, चालत, रोपवे नव्हता तेव्हा. खाली बघितलंस का विचारलं तर म्हणाली नाही गं, मी डोळे घट्ट मिटून घेतले होते.

चष्मिशताई, आत्ता मोबाइलवर टायमर लावून मोजलं. पिल्लू एका मिनिटात दोनदा. नवरा झोपेतून उठून पाणी प्यायला आला त्याचं पण मोजलं, एकोणीस, आणि तो म्हणाला तू माझ्याकडे अशी का बघतेयस. मी म्हटलं रोखून बघतेय, टकामका नाही, दोन्ही वेगळं आहे, सकाळी समजावते. तो ड्यॅबड्यॅब बघत परत झोपायला गेला.

आईला आ आणि उ चं सांगितलं. तिचं म्हणणं, ते सगळं ठीक आहे पण नात माझी, मी टुकूरटुकूरच म्हणणार.

सासूबाई रविवारी परत जाताहेत. रोज दुपारी जेवणानंतर त्या आता स्वतःहून आजीकडे बघून "ताक?" विचारतात. हे बघण्याचं ताक का पिण्याचं ते आजी विचारत नाही, आणून देते.


चिंचोका
(रात्री २:३१)

आजीच्या ताकात आलं असतं का फक्त जिरं?


पिल्लूची_आई
(रात्री २:३३)

आलं, जिरं, किंचित हिंग. झोपली वाटतं. नाही, परत उघडले.